संक्रांतीची व्याख्याने आणि आषाढातला पूर

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे आणि त्यांच्या पाठोपाठ येणारा ८ मार्चचा महिला दिन एवढ्या अवधीत गोव्याच्या गावागावांत स्त्रियांच्या आरोग्यावर जेवढी व्याख्याने होतात, तेवढी उरलेल्या वर्षभरात मिळूनही होत नसतील. पंचायतीचे सभागृह, देवळाचा मंडप, शाळेचा वर्ग, स्वयंसाहाय्य गटाची मासिक बैठक, जिथे चार खुर्च्या मांडता येतात तिथे रक्तक्षय, स्तनांचा कर्करोग, रजोनिवृत्ती, मधुमेह यांवर कोणी ना कोणी बोलून जाते. हे स्वागतार्हच आहे. त्यानंतर जून उजाडतो, नद्या भरतात, एखाद्या वर्षी पाणी घरात शिरते, आणि मदतकार्य सुरू होते तेव्हा त्या व्याख्यानांत सांगितलेले एक अक्षरही कोणाच्या उपयोगी पडत नाही, कारण ती व्याख्याने त्या प्रसंगासाठी दिलेलीच नसतात. माझे म्हणणे असे की आरोग्याचे व्याख्यान आणि आपत्तीतील मदत हा एकच विषय समजून तो पावसाळ्यापूर्वी, वाड्यावाड्यावर, स्त्रियांनीच स्त्रियांशी बोलून मांडला पाहिजे. डिचोली तालुक्यातील एका महिला मंडळात काम करताना जे दिसले, त्याच्या आधाराने हे लिहीत आहे.

गोव्यात पूर ही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात आलेला लोंढा अनेकांना आठवत असेल. २०२१ साली मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळाने किनाऱ्यापासून घाटापर्यंत झाडे आणि विजेचे खांब आडवे केले; त्या वेळी कोविडची दुसरी लाट ऐन भरात होती आणि कित्येक घरांत वीज नसल्यामुळे पंपाचे पाणीही नव्हते. पुढे दोन महिने होतात न होतात तोच २३ जुलै रोजी म्हादई, खांडेपार आणि वाळवंटी या नद्यांनी सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या तालुक्यांतील गावे पाण्याखाली घातली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे तेव्हा मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. जुन्या माणसांचे आडाखे आता चुकतात. ज्या पायरीपर्यंत पाणी कधी आले नव्हते, तिच्याही वर ते आले.

अशा वेळी गोमंतकीय माणूस हात आखडता घेत नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. २०१९ साली कोल्हापूर आणि सांगलीला महापुराने वेढले तेव्हा इथूनही मदत गेली, आणि २०२१ साली तर आपल्याच शेजारच्या तालुक्यांतून गाड्या भरून सामान आले. आमच्या मंडळाकडे त्या सामानाची वर्गवारी करण्याचे काम होते. तांदूळ, डाळ, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि जुन्या साड्यांचे ढीग लागले. जरीच्या साड्याही त्यात होत्या. ज्या बाईच्या घरात गुडघाभर चिखल साचला आहे, तिने ती जरीची साडी नेसून काय करावे, हा प्रश्न देणाऱ्याला पडला नसावा. त्याच ढिगात अंतर्वस्त्र मात्र एकही नव्हते. सॅनिटरी पॅड उशिरा आले, तेही थोडे. आणि अंतर्वस्त्राशिवाय पॅडचा उपयोग नाही, ही साधी बाब मदतीच्या यादीत कोणी लिहून दिली नव्हती, कारण यादी करणाऱ्यांत बाई नव्हती.

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पूरग्रस्तांची तात्पुरती सोय बहुधा शाळेत किंवा सभागृहात होते. तेथील शौचालये मोजकी, कड्या मोडक्या, दिवे बंद. रात्री तिथे जायला नको म्हणून बायका दुपारपासूनच पाणी पिणे सोडतात, आणि मग लघवीच्या जळजळीने आणि तापाने आजारी पडतात. मूत्रमार्गाचा हा संसर्ग पुराच्या पाण्याने होतो असे आपण समजतो; पुष्कळदा तो दारावर कडी नसल्यामुळे होतो. मासिक पाळीत कापड वापरणाऱ्या स्त्रियांची अडचण वेगळी. कापड धुऊन कडक उन्हात वाळवले तर ते चांगले, पण आषाढात ऊन कुठले? चारचौघांच्या देखत ते दोरीवर घालता येत नाही, म्हणून ओलसरच घडी करून ठेवले जाते आणि तेच पुन्हा वापरले जाते. त्यातून खाज, चट्टे, बुरशीचा संसर्ग. त्या चार-आठ दिवसांपुरते पॅड सोयीचे पडतात; पण वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या नसतील तर तेही बायका घेत नाहीत. कोणी तरुण कार्यकर्ता हॉलच्या मधोमध उभा राहून मोठ्याने विचारत असेल, तर नक्कीच घेत नाहीत. एका बंद पिशवीत पॅड, दोन अंतर्वस्त्रे, साबण, टॉवेल, टॉर्च, कागदी पिशव्या आणि थोडी दोरी घालून ती पिशवी एका बाईने दुसऱ्या बाईच्या हातात ठेवली, तर हा सगळा अवघडलेपणा संपतो. २०१८ च्या जुलैमध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला, त्याच्या पुढच्याच महिन्यात केरळमध्ये महापूर आला, आणि तेथील मदतीच्या आवाहनांत पॅडचा उल्लेख उघडपणे होऊ लागला. आपल्याकडे तो अजून चाचरतच होतो.

दुसरी गोष्ट दुधाच्या पावडरीची. लहान मुले आहेत म्हणून कळवळ्याने पावडरीचे डबे आणि दुधाच्या बाटल्या पाठवल्या जातात. अंगावर पाजणाऱ्या आईला त्या वेळी हे डबे देणे धोक्याचे असते. बाटली उकळून घ्यायला इंधन नाही, पाणी गढूळ, आणि त्या बाटलीतून बाळाला हगवण लागली की दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली. भीतीने आणि दगदगीने आईचे दूध आटते हा समज घट्ट आहे. वास्तविक बाळाला वारंवार पाजत राहिले, आईला पोटभर खायला, प्यायला आणि निवांत बसायला आडोसा मिळाला, तर दूध बहुधा टिकून राहते. बाळांच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवर आणि फुकट वाटपावर बंधने घालणारा कायदा आपल्या देशात १९९२ पासून आहे, हे देणगीदारांना क्वचितच ठाऊक असते. ज्या बाळाला आई नाही किंवा वरच्या दुधावाचून गत्यंतर नाही, त्याच्यासाठी परिचारिकेच्या देखरेखीखाली वाटी-चमच्याने दूध द्यावे. हे सगळे सांगायला जास्त वेळ लागत नाही. पण ते पूर येण्याआधी सांगावे लागते.

सरकारी नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे आणि त्याच्या कलम १२ नुसार मदतीचे किमान निकष ठरवण्याची जबाबदारी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर आहे. प्राधिकरणाने ते निकष प्रसिद्धही केले आहेत. मदत शिबिरात दर माणशी किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा, दिवसाला किमान तीन लिटर पिण्याचे पाणी, तीस माणसांमागे एक शौचालय, स्त्रियांच्या गोपनीयतेची आणि सुरक्षिततेची व्यवस्था, गरोदर स्त्रियांसाठी वैद्यकीय सोय, विधवा आणि अनाथ मुलांसाठी खास तरतूद, असे सारे त्यात आहे. मला खंत वाटते ती ही की, महिला दिनाच्या एकाही व्याख्यानात हे निकष मी ऐकले नाहीत. आपल्याला काय मिळायला हवे हे ज्या बाईला माहीत आहे, ती पंचाला किंवा मामलेदाराच्या माणसाला विचारू शकते. जिला माहीत नाही, ती मिळेल त्यावर भागवते आणि वर आभार मानते.

आता बाळंतपणाविषयी. गोव्यात जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयात होतात, ही अभिमानाची बाब आहे. पण याच कारणाने घरच्या प्रसूतीची कोणाची तयारी नसते, सुईणी उरलेल्या नाहीत, आणि रस्ता तुटला की सारा डोलारा कोसळतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा किंवा काणकोण या तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांवरून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचायला चांगल्या दिवसांतही बराच वेळ लागतो. दर शंभर गर्भवतींपैकी सुमारे पंधरा जणींना गंभीर गुंतागुंत उद्भवू शकते, असे जागतिक पातळीवरील मदत संघटना धरून चालतात, आणि म्हणूनच गेल्या तीन दशकांपासून कोणत्याही आपत्तीत पहिल्या ४८ तासांत गर्भवतींच्या सोयीची आखणी व्हावी असा त्यांचा आग्रह आहे. आपल्याकडे हे काम खरे तर सोपे आहे. अंगणवाडी सेविकेच्या वहीत गावातील प्रत्येक गर्भवतीचे नाव आणि अंदाजे प्रसूतीची तारीख असते. जून ते सप्टेंबरमध्ये ज्यांचे दिवस भरणार, त्यांपैकी कोणाचे घर नदीकाठी आहे, कोणाच्या वाटेवर साकव आहे, कोणाकडे गाडी नाही, हे मे महिन्यातच पाहून ठेवता येते. शेवटच्या महिन्यात अशा बाईने अतिवृष्टीचा इशारा येताच रुग्णालयाजवळच्या नातलगाकडे जाऊन राहावे, तिचे माता व बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले असावे, आणि १०८ ची गाडी कोणत्या ठिकाणापर्यंत येऊ शकते हे घरच्यांना माहीत असावे. यात पैसा लागत नाही. लागतो तो वही घेऊन बसण्याचा एक दिवस.

रक्तक्षयावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते, तरी त्याचा आपत्तीशी असलेला संबंध कोणी सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटातील गोव्याच्या स्त्रियांपैकी ३९ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. देशाचा आकडा ५७ टक्के असल्यामुळे आपण समाधान मानतो. पण आधीच्या फेरीत आपला आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे आपली चाल उलटी आहे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिला प्रसूतीत थोडा रक्तस्राव अधिक झाला तरी तो जिवावर बेततो, आणि पुरात रक्तपेढी गाठणे हा पुन्हा रस्त्याचाच प्रश्न. म्हणून पावसाळ्याआधी तपासणी करून घेणे आणि लोहाच्या गोळ्यांचा महिन्याभराचा साठा घरी ठेवणे हे पूर्वतयारीचेच काम आहे. जाता जाता सांगते, गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते, हे आमच्या मंडळातील सुशिक्षित बायकांनाही नवीन होते. शिबिरात आठवडाभर भात, पातळ डाळ आणि बिस्किटे एवढ्यावरच भागवले जाते. त्याऐवजी कुळीथ, अळसांदे, नाचणीचे पीठ आणि सोबतीला लिंबू किंवा आवळा दिला, तर फार मोठा खर्च वाढत नाही.

मधुमेहाचे तर विचारूच नका. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. याचा अर्थ असा की कोणत्याही मदत शिबिरातील प्रौढ माणसांत चारांपैकी एकाला मधुमेह असण्याची शक्यता धरून चालले पाहिजे, आणि आपण त्यांच्या हातात ग्लुकोजची बिस्किटे ठेवतो. घरातील पुरुषाच्या गोळ्या बाईला पाठ असतात, स्वतःच्या मात्र ती पाण्यात सोडून येते, हेही पाहिलेले आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांना वीज गेल्यावर काय करावे हे सुचत नाही. कुपी पाणी न शिरेल अशा डब्यात घालून तो डबा ओल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवला, तर काही दिवस ती चांगली राहते. ही माहिती एखाद्या मोठ्या तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा अधिक मोलाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेप्टोस्पायरोसिसबद्दल थोडक्यात लिहिते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा आजार होतो आणि पायाला जखम असली की तो सहज शिरतो. लावणीच्या वेळी शेतात दिवसभर पोटरीएवढ्या पाण्यात वाकून उभी असते ती बाई, आणि पूर ओसरल्यावर घरातील चिखल उपसते तीही बाईच. गमबूट वाटले जातात ते पुरुषांच्या मापाचे. ताप, पोटऱ्यांत सडकून वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये, आणि आपण पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

मदत शिबिरात स्त्रियांशी होणारे गैरवर्तन हा विषय तर सभ्यतेच्या नावाखाली टाळलाच जातो. तो टाळू नये. स्त्रियांच्या मदतीचा १८१ हा क्रमांक, तातडीचा ११२, आणि अत्याचार झाल्यास ७२ तासांच्या आत रुग्णालयात पोचले तर गर्भधारणा आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याचे उपचार मिळू शकतात, एवढे तरी प्रत्येक मुलीला शाळेतच कळले पाहिजे. मनावरच्या ताणासाठी १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. घर वाहून गेलेल्या बाईला 'धीर धर' म्हणण्यापलीकडे आपल्याकडे देण्यासारखे काही असते, तर ते हे.

आता व्याख्यानांच्या स्वरूपाविषयी, कारण खरी गोम तिथे आहे. कार्यक्रम चारला ठरलेला, प्रमुख पाहुणे पावणेपाचला येणार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, सरपंचांचे मनोगत, पाहुण्यांचे मनोगत, आणि शेवटी डॉक्टरबाईंना सांगायचे की थोडक्यात आटोपा, बायकांना स्वयंपाकाला जायचे आहे. समोर आमदार आणि पंच बसलेले असताना अंगावरून पांढरे जाते किंवा अंग बाहेर येते असे विचारायला कोण उठेल? प्रश्न विचारा म्हटल्यावर शांतता पसरते, आणि मग चहाच्या रांगेत तीच बाई डॉक्टरांच्या कानाशी लागते. आम्ही एक साधा उपाय केला. आल्या आल्या प्रत्येकीला कोरी चिठ्ठी द्यायची, नाव न लिहिता प्रश्न लिहून डब्यात टाकायचा, लिहिता येत नसेल तिने शेजारच्या मुलीकडून लिहवून घ्यायचा. ज्या गावात कोणालाही प्रश्न नव्हते, त्या गावात डबा भरला. व्यासपीठ, खुर्च्यांची ओळ आणि पुरुष पदाधिकारी यांना त्या दिवसापुरती रजा दिली, तर निम्मे काम होते.

दुसरा दोष असा की व्याख्यान संपले की विषय संपतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती दिली. पण तपासणी कधी, कुठे, कोण करणार, हे सांगितले नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तन, तोंड आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून परिचारिकाही करू शकते आणि तिला काही मिनिटे पुरतात. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्यावरची स्वदेशी लसही २०२३ पासून पुण्यात तयार होत आहे. तेव्हा बोलणे आणि तपासणी एकाच दिवशी, एकाच छपराखाली व्हावे, आणि ते शक्य नसेल तर जाताना प्रत्येकीच्या हातात तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी.

महिला दिनाच्या प्रत्येक कार्यक्रमात सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि त्यांच्या शाळेचा उल्लेख होतो. पण १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी अन्नछत्रांच्या कामात घेतलेला वाटा आणि १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांना आलेले मरण, हे क्वचितच सांगितले जाते. शिकवणे आणि संकटात धावून जाणे ही त्यांना दोन खाती वाटली नव्हती.

सामान्य बायकांना हे जमेल का, अशी शंका पंचायतीत काढली जाते, म्हणून दोन दाखले देते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले आणि रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या आयांकडे, बहिणींकडे, नातलगांकडे सोपवले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे आजचे घरगुती प्रमाण त्याच परंपरेतले आहे. दुसरा दाखला आपल्याच भाषेच्या मुलखातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले, तेव्हा शेकडो गावांतील महिला मंडळांतून संवाद सहायक नेमण्यात आले. कोणाचे घर पडले, कोणाला हप्ता मिळाला नाही, भिंतीत कोणता दगड बसवायचा, हे त्या बायकांनी शिकून घेतले आणि इतरांना शिकवले. त्यातल्या अनेकींनी त्यापूर्वी उंबरठ्याबाहेर सभा पाहिलेली नव्हती.

यात एका गटाचा विसर पडू नये. उत्तर कर्नाटकातून आणि इतर राज्यांतून आलेल्या मजूर स्त्रिया आपल्या गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहतात, त्या खोल्या बहुधा ओहळाच्या काठी असतात, आणि त्यांचे रेशन कार्ड इथले नसते. हळदीकुंकवाचे निमंत्रण त्यांना जात नाही, म्हणून व्याख्यान त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पंचायतीच्या यादीत नाव नाही, म्हणून पुरात मदतही शेवटी पोचते. पाण्याला मतदारयादी ठाऊक नसते. कन्नड किंवा हिंदी बोलणारी एखादी बाई सोबत घेऊन त्यांच्या खोल्यांपाशीच बैठक घ्यावी, एवढेच म्हणते.

वेळेबद्दल माझे मत पक्के आहे. ही बैठक मे महिन्यात, मृग लागण्याआधी व्हावी. त्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी पुरुमेंताची गडबड असते. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, पापड, कुळीथ भरून ठेवताना बाईच्या डोक्यात पुढचे चार महिने असतात. त्याच डब्यांशेजारी औषधांची आणि कागदपत्रांची एक पिशवी ठेवायला तिला वेगळे पटवावे लागणार नाही. माणसे आणि पैसा यांचाही प्रश्न फारसा नाही. इतर राज्यांत गावोगावी असलेली आशा कार्यकर्ती ही योजना गोव्यात राबवली गेली नाही, त्यामुळे अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राच्या परिचारिका यांच्यावर आधीच भार आहे, हे मान्य. पण बोलावणे, जागा आणि चिठ्ठ्यांचा डबा हे महिला मंडळे सांभाळतील. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत जो निधी मिळतो, त्यातून शंभरेक पिशव्यांमधील सामान नसले, तरी शिबिराच्या जागेतील शौचालयाच्या कड्या, दिवे आणि झाकणाचे डबे नक्की येतात. गोव्यात १९१ पंचायती आहेत. प्रत्येकीने आपले मदत शिबिर जिथे भरणार ती शाळा किंवा सभागृह मे महिन्यात चार बायकांना नेऊन दाखवावे आणि त्या काय सांगतात ते लिहून घ्यावे. गरोदर, बाळंतीण, मधुमेही, अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांची वाडानिहाय यादी ३१ मेपूर्वी मामलेदार कार्यालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचावी. ती यादी गोपनीय ठेवण्याची जबाबदारी परिचारिकेकडे असावी, पंचाकडे नको.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. पूर आला की आपल्या दैनिकात मदतीचे आवाहन छापले जाते आणि 'कपडे व धान्य स्वीकारले जाईल' असे त्यात असते. पुढच्या वेळी त्या आवाहनात वापरलेल्या साड्या नकोत, दुधाची पावडर आणि बाटल्या नकोत, असे स्पष्ट छापावे; आणि नवी अंतर्वस्त्रे वेगवेगळ्या मापांत, सॅनिटरी पॅड, साबण, टॉर्च, बायकांच्या मापाचे गमबूट, कुळीथ, नाचणीचे पीठ यांची नावे घालावीत. 'पॅड' हा शब्द बातमीच्या मजकुरात छापायला संपादकीय विभागाने संकोच करू नये.

कळावे,
आपली नम्र,
एका महिला मंडळाची कार्यकर्ती,
डिचोली, गोवा